बिनकामाचे सहा दिवस



आज आम्ही तुमच्याशी सहलीबद्दल बोलणार आहोत. आता तुम्ही म्हणाल, सहलीबद्दल काय बोलायचं? गाडी करायची, दहा ठिकाणं बघायची, फोटो काढायचे आणि थकून घरी यायचं. आम्हीही आजवर असंच गेलो. अभ्यासदौरा म्हणून गेलो, मेळाव्याला गेलो, देवाला गेलो. पण गेल्या मार्गशीर्षात आम्ही अकरा जणी कोकणात समुद्राकाठच्या दोनच गावांत सहा दिवस सावकाश राहून आलो. ते कसं जमवलं, पैसे कुठून आणले आणि त्यातून काय हाती लागलं, ते सांगतो.

आधी आमची ओळख. आम्ही माण तालुक्यातल्या. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर ते साल चांगलं. आमच्या गटात सोळा जणी आहेत. घर सोडून बाहेर जाणं आम्हाला नवं नाही. आमच्यातल्या चौघी कित्येक वर्षं ऊसतोडीला गेल्या. आमच्या थोरल्या आत्याबाईंचे तर एकवीस हंगाम झाले. किती कारखान्यांचे फड पाहिले, किती तळांवर पाल ठोकलं, त्यांनाच ठाऊक. पण ‘बघायला’ म्हणून त्या कधी कुठे गेल्या नव्हत्या. आणि समुद्र आमच्या सोळा जणींपैकी दोघींनीच पाहिला होता.

ठरवायला बसलो तेव्हा भांडण झालंच. एक जण म्हणाली, “त्या पैशात एक करडू आलं असतं. वर्षानं त्याची शेळी झाली असती. तुमच्या समुद्राचं काय होणार?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून आम्ही पहिला नियम केला: बचतीच्या पैशाला आणि अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. फिरण्यासाठी कर्ज तर मुळीच काढायचं नाही. वेगळी पेटी केली, तिची वेगळी वही ठेवली. दर आठवड्याला प्रत्येकीनं ४० रुपये टाकायचे. दोन वर्षांत एकीचे चार हजारांच्या थोडे वर जमले. ज्या आठवड्यात कुणाला जमलं नाही, त्या आठवड्यात तिनं पुढं भरून दिले.

दुसरा प्रश्न घराचा. सगळ्याच गेलो तर जनावरांचं काय? म्हणून अकरा जणींनी जायचं आणि पाच जणींनी राहायचं, असं ठरलं. राहणाऱ्यांनी जाणाऱ्यांच्या घरची धारा-पाण्याची नड बघायची. पुढच्या वर्षी त्या पाच जणी जातील, तेव्हा आम्ही त्यांची बघू. हे वहीत लिहून सह्या केल्या, म्हणजे नंतर रुसवा नको.

तिसरा प्रश्न प्रवासाचा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ते तुम्हाला माहीत आहेच. पंचाहत्तरी पार केलेल्यांना तर राज्यात एसटी फुकट आहे, फक्त वयाचा पुरावा जवळ लागतो. खासगी गाडी केली असती तर निम्मी पेटी तिथंच रिकामी झाली असती. गाडी केली की माणूस पैसे वसूल करायला धावतं, हा आणखी एक तोटा. एसटीनं जायचं तर दिवसाला एकच टप्पा होतो. सावकाश जायला तिनंच शिकवलं म्हणा ना.

दिवस निवडताना शेती बघितली. मार्गशीर्षात शाळू उभा असतो, खुरपण संपलेलं असतं आणि हुरडा अजून लांब असतो. गुरुवारची महालक्ष्मीची पूजा बहुतेकींच्या घरी असते. म्हणून शुक्रवारी पहाटे निघालो आणि पुढच्या बुधवारी रात्री परत आलो. एकही गुरुवार चुकला नाही, त्यामुळे सासवांनाही बोलायला जागा उरली नाही.

दहिवडीहून कराड, कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून खेडवरून दापोली, आणि दापोलीहून मुरूड. दिवस मावळता मावळता पोचलो. रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिरा आहे ते वेगळं. हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं मुरूड. एक रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि पलीकडे समुद्र. वाडी म्हणजे आपल्याकडची वस्ती नव्हे बरं का. कोकणात घरामागच्या बागेला वाडी म्हणतात. आम्ही अशाच एका वाडीतल्या घरी तीन रात्री उतरलो. घरच्या वहिनी राहायची खोली आणि दोन्ही वेळचं जेवण देतात.

पहिल्या संध्याकाळी काय झालं असेल? अकरा जणींचे अकरा फोन वाजले. “मिठाचा डबा कुठाय?” “म्हशीला पेंड किती घालायची?” एकीच्या मालकांनी तर चहात साखर किती, हेही विचारलं. मग आम्ही नियम केला की फोन रात्री आठ वाजता एकदाच. तातडीचं काही असलं तर गावातल्या आमच्या पाच जणी आहेतच. दुसऱ्या दिवसापासून मिठाचा डबा ज्याचा त्याला सापडायला लागला.

दुसरी सकाळ. आम्ही सगळ्या सवयीनं पाचलाच उठलो आणि करायला काही नाही म्हणून अंथरुणावर बसून राहिलो. आत्याबाई मात्र निजलेल्याच. एकीनं हाक मारली तर म्हणाल्या, “हितं मुकादम न्हाई, हजेरी न्हाई. मग उठायचं कशाला?” त्या सात वाजता उठल्या. त्यांना सातपर्यंत निजलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मग समुद्र. त्याबद्दल फार बोलत नाही, तो ज्यानं त्यानं बघावा. पण समुद्रात जाण्याआधी भरती-ओहोटी समजून घेणं गरजेचं आहे. वहिनींनी आम्हाला त्याचा एक सोपा हिशेब शिकवला, तो लिहून घ्या. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितक्या वाजता अदमासे पूर्ण भरती. आम्ही गेलो तेव्हा षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, साडेदहाला पूर्ण ओहोटी. चोवीस तासांत भरती दोनदा येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाणी फार वर येतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी हलतं, त्याला भांग म्हणतात. ओहोटी लागली की पाणी माणसाला आत ओढतं, म्हणून त्या वेळी घोट्याच्या वर जायचं नाही. आणि कुठलीही वेळ असो, गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. आपल्याला विहिरीचं पाणी कळतं, समुद्राचं कळत नाही.

आता वाडीची गोष्ट. पहिल्या दिवशी आम्हाला ती नुसती गर्दी वाटली. झाडावर झाड, पायाखाली पालापाचोळा. आमच्यातली एक म्हणाली, “खुरपं दे गं, एका दिवसात साफ करते.” पण तिथंच बसायचं, तिथंच चहा प्यायचा, तिथंच केस विंचरायचे, असं करता करता तिसऱ्या दिवशी आम्हाला त्यातली मांडणी दिसायला लागली.

सगळ्यात वर नारळ. दोन नारळांत पंचवीस फुटांचं अंतर. नारळाच्या झावळ्यांतून ऊन गाळून खाली येतं. त्याखाली पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड. पोफळीच्या कोवळ्या झाडाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून तिला नारळाची किंवा केळीची सावली हवी. पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल चढवलेला. त्याला वेगळा मांडव नको, वेगळी जागा नको. मधल्या सावलीत जायफळ आणि दालचिनी. त्याखाली केळ, अननस, हळद, अळू. पाणी एकदाच सोडायचं आणि सगळ्यांनी प्यायचं. गळालेली झावळी तिथंच पडते, कुजते, ओल धरते. ज्या पाचोळ्याला आम्ही खुरपं लावणार होतो, तो त्या वाडीचं पांघरूण होता.

जायफळाचं झाड तर आम्ही प्रथमच पाहिलं. फळ पिवळट, पेरूएवढं. पिकलं की मधोमध उकलतं, आत तांबडी जाळी असते ती जायपत्री, आणि तिच्या आत बी, ते जायफळ. वरच्या सालीचं लोणचं घालतात. जायफळाच्या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. बी लावून झाड वाढवलं तर ते फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही की हे फळ देणार की नाही. म्हणून आता कलमं लावतात. मसाल्याची अशी झाडं नारळाच्या बागेत मिसळून लावण्याचं काम रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात झालं आहे. त्या पद्धतीला तिकडे ‘लाखी बाग’ म्हणतात. दापोलीला तर कोकण कृषी विद्यापीठच आहे, १९७२ पासून.

आम्हाला वाटायचं, कोकणात पाण्याला काय तोटा? तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पण वहिनी म्हणाल्या, “चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसतो.” जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, उतारानं समुद्राला जाऊन मिळतं. म्हणून त्यांच्याकडेही न्हाणीघराचं पाणी केळीला आणि अळूला जातं. दुष्काळ त्यांचाही आहे, फक्त दोन महिन्यांचा.

रविवारी आम्ही जवळच्या आसूद गावात केशवराजाच्या देवळाला गेलो. वाट पोफळीच्या बागांतून उतरते, ओढ्यावरच्या पुलावरून पलीकडे जाते आणि मग पायऱ्या चढतात. वर देवळाच्या आवारात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीनं आणून गोमुखातून सोडलेलं आहे. दोघींचे गुडघे दुखत होते, त्या वर आल्याच नाहीत. ओढ्याकाठी सावलीत दोन तास बसल्या. आम्ही परत आलो तर त्या तक्रार करत नव्हत्या. म्हणाल्या, “तुम्ही देव बघितला, आम्ही पाणी ऐकलं.” सावकाश प्रवासात हे बरं असतं, कुणी मागं राहिलं तरी तिचा दिवस वाया जात नाही.

मुरूडची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं हे गाव. तिथं त्यांचं स्मारक आहे. शाळकरी वयात परीक्षा देण्यासाठी ते या गावातून पायी डोंगर चढून आपल्या साताऱ्याला आले होते. वयानं लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढे १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९१६ साली त्यांनीच महिलांसाठी विद्यापीठ काढलं. आम्ही एसटीनं आलो ती वाट ते उलट्या दिशेनं चालत गेले होते. आमच्यातल्या सहा जणी शाळेत गेल्या त्यामागे किती माणसांची पायपीट आहे, ते तिथं उभं राहिल्यावर मनात आलं.

आणि आता जे सांगायचं ते थोडं अवघड आहे.

तिसऱ्या दिवशी आम्हाला वाडी दिसली, तशा वहिनीही दिसल्या. पहिले दोन दिवस ताटं समोर येत होती. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी. मार्गशीर्ष न पाळणाऱ्या दोघींना माशाचं कालवण. कुळीथ म्हणजे आपले हुलगेच हे कळल्यावर आमच्यात नि त्यांच्यात शेंगोळ्यांवरून बराच वाद रंगला. पण तिसऱ्या पहाटे आमच्यातली एक पाणी प्यायला उठली, तर वहिनी चार वाजता एकट्या नारळ खवत बसल्या होत्या. आम्ही सात वाजता उठणार म्हणून त्या चारला उठत होत्या.

मग आम्ही दोघी-तिघी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं की ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांची वाडी एका दुपारात झोपली. नारळ गेले, पोफळी तर काडीसारख्या मोडल्या. पुन्हा लावल्या. पण पोफळीला फळ धरायला पाच ते सात वर्षं, नारळालाही जवळजवळ तितकीच. पीक बुडालं तर आपण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरतो. बाग बुडाली तर मुलं मोठी होईपर्यंत थांबावं लागतं. ती सगळी वर्षं घर कशावर चाललं? येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्या ताटांवर. आणि तुम्ही शेवटचं फिरायला कधी गेलात, असं विचारलं तर म्हणाल्या, “पाहुणे येतात ते सुट्टीला. मग मला सुट्टी कधी?”

मैत्रिणींनो, आम्हाला लाज वाटली. कारण फोनवर घासाघीस करून आम्ही ताटामागे ५० रुपये कमी करून घेतले होते, आणि आपण किती हुशार म्हणून गटात हसलोही होतो. शेतमाल घेऊन आपण बाजारात बसतो तेव्हा आपल्याशी कुणी असं वागलं तर आपण दिवसभर बडबडतो. त्या सकाळपासून आम्ही आमची ताटं घासली, एक वेळची भाकरी आम्ही केली, ज्वारीचं पीठ सोबत होतंच. निघताना कमी केलेले पैसे भरून दिले. वहिनींनी ते घेतले. नको नको म्हणाल्या नाहीत, आणि तेच आम्हाला बरं वाटलं. आत्याबाई म्हणाल्या, “आता पौषात हुरड्याला या आमच्याकडं. करायचं काही न्हाई, नुसतं बसायचं.”

सोमवारी एसटीनं दाभोळला गेलो. तिथं समुद्राकाठी आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, ती पाहिली. दाभोळहून वाशिष्ठी नदीची खाडी ओलांडून पलीकडे धोपाव्याला जाणारी मोठी फेरीबोट आहे. तिच्यात माणसांबरोबर मोटारी, ट्रकसुद्धा चढतात. जमिनीवरून जायचं तर चिपळूणला मोठा वळसा पडतो. तिथून गुहागर. गुहागरलाही तसाच लांबलचक रस्ता, मधे व्याडेश्वराचं देऊळ, समुद्राच्या बाजूच्या वाड्या थेट पुळणीपर्यंत गेलेल्या, आणि पुढं सुरूची झाडं. अंगणा-अंगणात सुपारी वाळत घातलेली. अख्खी सुपारी सालासकट महिना-सव्वा महिना उन्हात वाळते, मग सोलतात. तिथं दोन रात्री राहिलो. या वेळी घासाघीस केली नाही. जेवण किती वाजता सोयीचं, ते आम्ही वहिनींना विचारलं. बुधवारी सकाळी गुहागरहून चिपळूण, कराड करत रात्री घरी.

तुम्हाला जायचं असेल तर आमचे चार शब्द ध्यानात ठेवा. गावं दोनच धरा, एका गावी निदान दोन रात्री राहा. पंधरा दिवस आधी फोन करून किती जणी, कोण काय खातं ते सांगा. पिशवी एकच घ्या, जी स्वतःला उचलता येईल. रोजच्या गोळ्या सहाऐवजी आठ दिवसांच्या घ्या. कोकणातल्या आडगावच्या एसट्या दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ पोचल्याबरोबर विचारून ठेवा. आणि एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी काहीच ठरवायचं नाही.

घरी आल्यावर न्हाणीमागे आम्ही सात जणींनी शेवगा, त्याच्या सावलीला कढीपत्ता आणि खाली अळू लावलं. नारळ-पोफळ आपल्या माळावर येणार नाही, पण एकाच पाण्यावर तिघांनी जगायची रीत येते. आम्ही ती शिकायला गेलो नव्हतो. नुसतं बसलो होतो, म्हणून दिसली. करडू म्हणणारी आमची मैत्रीणही आली होती. तिला आम्ही विचारलं, काय गं, पैसे वाया गेले का? ती म्हणाली, “करडू तर करडूच. पण पुढच्या पेटीत माझे चाळीस धरा.”

आणि पौषात मुरूडच्या वहिनी खरंच आल्या. त्यांच्या गटातल्या आणखी तिघींना घेऊन, निम्म्या तिकिटात, घाट चढून. दोन रात्री राहिल्या. शेकोटीभोवती हुरडा भाजत होतो, तर वहिनी सारख्या उठायच्या, चुलीकडे जायच्या, पाणी देऊ का म्हणायच्या. शेवटी आत्याबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, “बसा वहिनी. हजेरी न्हाई हितं.”

पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना विचारा: आपण कामाशिवाय शेवटच्या घराबाहेर कधी पडलो? ज्यांना आठवणार नाही, त्यांच्यासाठी एक पेटी करा.